गळ्यातली फळी

चर्चमागच्या जुन्या पागेत त्या भागातली पहिली शाळा निघाली. भिंतींना चुना मारला, तरी लिदीचा वास काही जात नव्हता. फादर घरोघर फिरून मुली मागायचे. वीटभट्टीवरच्या एका विधवेने आपल्या दोघी दिल्या. पोरींच्या पोटात दोन घास पडतील, एवढंच तिने पाहिलं. आधी थोरली गेली, वर्षाने धाकटी.

शाळेत घरची भाषा बोलायची नाही, हा मोठ्या सिस्टरचा नियम. जी बोलेल तिच्या गळ्यात लाकडी फळी. तिने दुसरीला बोलताना पकडलं, की फळी त्या दुसरीच्या गळ्यात. संध्याकाळच्या प्रार्थनेला फळी जिच्याकडे असेल, तिला छड्या आणि उपास.

एकदा दारात बोट चेमटलं आणि थोरलीच्या तोंडून "आई गं" निघून गेलं. फळी गळ्यात आली. दिवसभर ती टपून राहिली, पण पोरींनी तोंडाला कुलूप लावलेलं. दिवस कलला. धाकटी हौदापाशी भांडी घासत होती. शाळेची भाषा येईना, घरची बोलायची भीती, म्हणून आल्यापासून ती मुकीच होती.

थोरली तिच्याजवळ बसली. तिच्या केसांवरून हात फिरवत घरच्या भाषेत म्हणाली, "छकुले, आईची आठवण येते का गं?"

धाकटीचा चेहरा उजळला. "खूप येते, ताई. आपण घरी कधी जायचं?"

थोरलीने फळी काढून तिच्या गळ्यात घातली.

धाकटीने छड्या खाल्ल्या, पण रडली नाही. थोरली पोटभर जेवली. भूक लागलीच होती.

त्यानंतर धाकटी झपाट्याने शिकली. फादर पाहुण्यांपुढे तिलाच उभी करायचे. ताईशी मात्र अवाक्षर नाही.

सुट्टी लागली तशी आई न्यायला आली. कामावरून तशीच आलेली, अंगभर विटांची धूळ. धाकटी शाळेच्या भाषेत थोरलीला म्हणाली, "या बाईला जायला सांग. मी इथेच राहणार." सिस्टरने तिची पाठ थोपटली.

"काय म्हणते गं ती?" आईने विचारलं.

"सुट्टीनंतर परीक्षा आहे म्हणते. पुढच्या खेपेला येईल."

"मग माझ्याकडे बघत का नाही?"

"चल आई, उशीर होतोय."

थोरली पुन्हा शाळेत गेली नाही. भट्टीवर विटा वाहू लागली. धाकटी त्याच शाळेत बाई झाली. आई गेली, तेव्हा थोरली निरोप घेऊन फाटकाशी आली. शिपाई निरोप आत सांगून आला आणि म्हणाला, "बाई म्हणतात, वर्ग चालू आहे, नंतर या."

थोरली उन्हात बराच वेळ थांबली. मग प्रेत किती वेळ ठेवणार, म्हणून परतली.