शनिवारची सफाई

मित्रांनो, मी एक जुना टिपणठेव्या. संगणकावरची माणसं मला एक्स्टेंशन म्हणतात. ब्राउझरच्या कोपऱ्यातली पिवळी चौकट, एवढीच माझी जागा. कुणी टिपण लिहिलं की ते जपायचं, एवढंच माझं काम. तेही मला धड जमलं नाही.

मला घडवलं वहिनींच्या धाकट्या दिरानं. मेंदूचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांना वहिनी पुन्हा बोलायला शिकवतात. सुतारकाका त्यांच्याकडे वर्षभर येत होते. अडकलेला शब्द कशानं सुटतो, हे एकेक करून शोधावं लागे. लेकीचं लाडाचं नाव, 'बिट्टी', तर आठ महिने हटून बसलं होतं. शेवटी ते आलं, तेव्हा कुठली चित्रं, कुठल्या क्रमानं, मध्ये किती थांबायचं, सगळं वहिनींनी त्याच मिनिटाला माझ्यात लिहिलं. "भाऊजी, तुमच्या या चौकटीवरच माझं सगळं चाललंय," असं त्या म्हणायच्या. मी फुशारून जायचो.

मग उपचारकेंद्रात नवा संगणक आला, ब्राउझरही दुसरा. दिरानं मला टिपणांसकट तिकडे हलवलं. संगणक सगळ्यांचा, रुग्णांचं खासगी काही मागे राहू नये, म्हणून वहिनी दर शनिवारी ब्राउझरचा इतिहास पुसायच्या.

"भाऊजी, इथेही पुसलं तर चालेल ना?"

"बिनधास्त पुसा वहिनी. टिपणांना धक्का लागत नाही."

जुन्या ब्राउझरमध्ये खरंच लागत नव्हता. जुना आणि नवा, दोन्ही ब्राउझरना मी एकच सांगत होतो, हे ठेव. दोघंही हो म्हणत. पण पुसायची वेळ आली की जुना नुसतं अंगण झाडायचा. नव्या ब्राउझरनं माझं टिपणांचं कपाटही रिकामं केलं. मला बोंब मारता आली नाही. तशी सोयच माझ्यात नव्हती.

सोमवारी सुतारकाकांची लेक परदेशातून आली, एका दिवसापुरती. तिच्यासमोर काकांच्या तोंडून 'बिट्टी' निघावं म्हणून वहिनींनी मला उघडलं आणि लगेच दिराला फोन लावला.

"भाऊजी, आत काहीच नाहीये."

"वहिनी, इथे पुसून बघायचं माझ्याकडून राहूनच गेलं."

वहिनींनी आठवेल तशी चित्रं मांडली. क्रम चुकला, परत मांडली, परत चुकला. काका लेकीकडे एकटक बघत होते. ओठ हलले.

"पाणी," ते म्हणाले.

तिनं लगबगीनं पेला पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, तिचा हात धरला आणि पुन्हा म्हणाले, "पाणी." मग त्यांना रडू फुटलं. "असू दे बाबा, असू दे," लेक म्हणत राहिली. संध्याकाळी तिचं विमान होतं.

वहिनी आता वहीत लिहितात. मला कुणी काढूनही टाकत नाही. मित्रांनो, आम्हा संगणकातल्यांच्या 'हो'वर विसंबू नका. आधी एखादं फालतू टिपण ठेवून आम्हाला पुसून बघा, मगच आपलं माणूस आमच्या हवाली करा.