अंकुशरावांच्या शाली

आमच्या गावच्या हायस्कुलाचे हेडमास्तर अंकुशराव यांच्याइतका गोड माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि देवानं पुन्हा दाखवूही नये. तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ते आधी खुर्ची देतात, मग चहा देतात, मग ‘अक्का’ म्हणतात. तोवर बाई निम्मी गार झालेली असते. उरलेली निम्मी गार करायचीही त्यांच्याकडे सोय होती, ती मला उशिरा कळली.

गावाचं नाव सांगत नाही. बसवकल्याण तालुक्यातलं आहे, एवढं पुरे.

माझी विजयश्री दहावीत. शाळेचे अध्यक्ष धनराजअप्पा, त्यांचा पुतण्या शिवराज तिच्याच वर्गात. पाण्याच्या टाकीपाशी तो आणि त्याचे सोबती तिची सायकल अडवायचे, ओढणी ओढायचे, मोबाईलवर फोटो काढून वर्गभर फिरवायचे. पोरीनं दसऱ्यापर्यंत सोसलं. मग एका संध्याकाळी दप्तर चुलीपाशी आणून ठेवलं आणि म्हणाली, “आई, हे जाळून टाक.” माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी पदर खोचून शाळेत गेले.

अंकुशरावांनी मान हलवत सगळं ऐकलं. मग प्रश्न विचारले, आणि सगळे प्रश्न माझ्याच पोरीबद्दल.

“अक्का, पोरगी कुणाशी हसून बोलते का?”

“न्हाई.”

“घरी मोबाईल बघते का?”

“मोबाईल त्या पोराकडं हाय, सर. त्याला इचारा की.”

“इचारतो की. पर लेकरं आपलीच हायेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या पोरीचं लग्न करायचंय तुमाला.”

आणि त्यांनी निकाल दिला. विजयश्रीनं पुढच्या फाटकानं यायचं नाही, पोरांचं दुपारचं जेवण शिजतं त्या खोलीच्या मागच्या दारानं यायचं. शाळा सुटायच्या आधी निघायचं. मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचं. शिवराजनं काय करायचं, ते काही ठरलं नाही. तो टाकीपाशी मोकळा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. या माणसाला लोक सर म्हणतात, पाया पडतात.

मी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी चहाबरोबर बिस्किटंही मागवली.

“अक्का, एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव हाय, दोघंबी या. समद्या गावासमोर सोक्षमोक्ष लावतो.”

मी भोळी, मला खरंच वाटलं. आमच्या मालकांनी, गुंडेरावांनी, कडक इस्त्रीचा सदरा घातला. झेंडा झाला, गाणी झाली, धनराजअप्पांचं भाषण झालं. मग माईकवरून माझं नाव आलं. मी वर गेले. आता तो पोरगा येईल, माफी मागेल, असं मनात. तर अंकुशरावांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि ‘आदर्श माता’ म्हणून टाळ्या घेतल्या. मालकांना फेटा बांधला. फोटो निघाला. मी तोंड उघडेपर्यंत पुढचं नाव पुकारलं होतं. खाली मुलींच्या रांगेत विजयश्री बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मला अजून सोसत नाही.

पुढच्या सोमवारी तिसऱ्यांदा गेले. आता ना चहा, ना बिस्किट.

“सोक्षमोक्षाचं काय झालं, सर?”

“अक्का, एवढा मान दिला तुमाला. आता तुमीच शाळेला नाव ठेवायलाव? लोक काय म्हणतील?”

घरी आले तर मालकांचंही तेच रडगाणं. फेटा त्यांनी खुंटीवर देवासारखा टांगला होता. “शाल घेतलीस न्हवं? मग आता कुठल्या तोंडानं बोलायलीस? ऱ्हाऊ दे शाळा. मुरूम गावाकडचं एक स्थळ आलंय, बघू.”

एका फेट्यात विकला गेलेला बाप मी तेव्हा पाहिला. विजयश्री कोपऱ्यात बसून ऐकत होती. पोरगी गणितात पहिली, हिला नर्स व्हायचंय, आणि हा बाप स्थळ बघतोय. त्या रात्री मी त्यांना जेवायला वाढलं आणि पोरीपाशी जाऊन झोपले.

शालीला डांबरगोळ्यांचा वास मारत होता. सकाळी ती वळणीवर टाकली. शेजारच्या सोजराबाई विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“रेणुका, तुलाबी दिली व्हय गं?”

“काय?”

“ही शाल. डाळिंबी रंग, सोनेरी काठ. माज्या पेटीत हाय की अशीच.”

सोजराबाईंची पूर्णिमा नववीतून शाळा सोडून गेली होती. आम्ही सगळे समजत होतो की पोरीला अभ्यास झेपला नाही. सोजराबाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “झेपत न्हवता कामून? लई झेपत होता. ह्याच धनराजअप्पाच्या घरातलं थोरलं पोरगं होतं तवा. मी तक्रार केली, मला शाल दिली. मग मी गप बसले. पूर्णिमा आता कडेवर लेकरू घेऊन येती, तर मी तिला ती शाल दावत न्हाई.”

मग कळलं, वरच्या आळीतल्या मंगलकडे एक आहे. निलम्माकडेही आहे, तिनं कपाटात कापूर घालून मानाची म्हणून जपून ठेवलीय. अंकुशराव हुमनाबादहून शालींचा गठ्ठाच आणून ठेवत असणार. तक्रार आली की काढ एक. आणि आम्ही बायका एवढ्या अडाणी, की प्रत्येकीला वाटलं, ही गोष्ट आपल्या एकटीच्याच घरातली. जिला मान वाटला ती मिरवत राहिली, जिला लाज वाटली ती लपवत राहिली. गप्प मात्र सगळ्याच.

बालदिनाला तालुक्याचे शिक्षणाधिकारी येणार होते. त्या सकाळी मी विजयश्रीला गणवेश घालायला लावला आणि पुढच्या फाटकानं आत नेलं. शिपाई अडवायला आला, मी त्याच्याकडे बघितलं, तो बाजूला झाला. मंगल, सोजराबाई, निलम्मा आणि मी, चौघी पहिल्या रांगेत बसलो. भर उन्हात, खांद्यावर डाळिंबी शाली. घाम पाठीवरून ओघळत होता. अंकुशराव स्टेजवरून हसले, मग नीट बघितलं, आणि त्यांचं हसू तोंडावरच वाळलं.

साहेबांच्या सत्काराची वेळ आली. ताट धरून कोण उभा? शिवराज. केस चापून बसवलेले, तोंडावर साळसूदपणा. ताटात नारळ आणि त्याच गठ्ठ्यातली शाल. अंकुशरावांनी ती साहेबांच्या खांद्यावर टाकली. साहेबांनी खांद्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि हसून कन्नडमध्ये विचारलं, “या अक्कांचाही सत्कार झालेला दिसतो. कशाबद्दल?”

“आदर्श माता, सर,” अंकुशराव म्हणाले.

“हो, पण कशाबद्दल?”

अंकुशरावांनी माईक बाजूला ठेवला. एरवी माईक सोडत नाहीत.

सोजराबाई उठल्या. “माजी पूर्णिमा. ह्या शाळेतल्या पोरानं छळली, नववीत शाळा सुटली. त्येच्याबद्दल.”

मंगल उठली. “माजी थोरली. तिचंबी तसंच.”

निलम्मानं आपल्या लेकीचं कन्नडमध्येच सांगितलं, म्हणजे साहेबांना न कळल्याचं सोंग करायला जागा नको.

मग मी उठले. “माजी विजयश्री अजून शाळेत हाय, सर. तिला हे हेडमास्तर मागच्या दारानं आणायलेत.”

“कोण त्रास देतं?” साहेबांनी विचारलं.

मी नाव घेणार, तेवढ्यात मागून आवाज आला. मुलींच्या रांगेत माझी पोरगी उभी राहिली होती.

“ताट धरून हुबारलाय की, सर. त्योच.”

ताट खणकन खाली पडलं. धनराजअप्पा स्टेजच्या छताकडे बघू लागले, जसं काही समोर त्यांचा पुतण्या नसून दुसऱ्याच कुणाचा होता. साहेबांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि अंकुशरावांच्या हातात परत दिली.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. शिवराजचं नाव शाळेतून काढलं, तर धनराजअप्पांनी त्याला कलबुर्गीच्या कुठल्याशा शाळेत घातला. तिथल्या आयांनी शाली घेऊ नयेत, एवढंच सांगते. अंकुशरावांची चौकशी सुरू आहे म्हणतात, आणि ते अजून त्याच खुर्चीत बसून चहा पाजतात. मालकांनी फेटा खुंटीवरून उतरवला आणि स्थळाचं नाव काढणं बंद केलं.

विजयश्री पुढच्या फाटकानं जाते, सायकल टाकीपाशीच लावते.

थंडी पडली तेव्हा शाल मी म्हशीच्या रेडकाच्या अंगावर टाकली. सोनेरी काठ त्याला शोभून दिसला. भूक लागली तसं ते शाल पांघरूनच रेकलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.