सात तारखेचा केक

मी एक जुना ओव्हन आहे, मित्रांनो. हसू नका. तुमच्या घरी असतो तसला चौकोनी, बटणांचा, टिंग करून वाजणारा ओव्हन मी नव्हे. मी गोल आहे, ॲल्युमिनियमचा आहे, आणि माझ्या झाकणाच्या मधोमध एक काच आहे. आत केक फुगतोय का हे पाहायला माणसं त्या काचेवर डोळे लावतात. त्यांना वाटतं, तेच मला बघतात. मीही त्यांना बघतो, हे आजवर कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. पोटात कॉइल बसवली, झाकणाला काळी मूठ लावली आणि मला लक्ष्मीपुरीतल्या एका भांड्यांच्या दुकानात पाठवलं. तिथं मी कुकरच्या रांगेत बरेच महिने धूळ खात बसलो. येणारा प्रत्येक जण कुकर न्यायचा. मला फार राग यायचा. मग एका संध्याकाळी एक उंच, सडपातळ माणूस आला. त्याच्या भुवयांत मैदा अडकला होता. त्यानं माझं झाकण तीनदा उघडलं, मिटलं आणि दुकानदाराला म्हणाला, "रोज दुसऱ्यांच्या पोरांचं केक भाजतोय. एकदा माझ्या पोराचा माझ्या घरात भाजू दे की."

त्यांचं नाव गणपती. एका बेकरीत भट्टीवर काम करायचे. पहाटे तीनला उठून पाव, दुपारी नानकटाई आणि ऑर्डर असेल तेव्हा केक. त्यांचा मुलगा नागसेन तेव्हा पाच वर्षांचा होत होता. मी घरात आलो आणि पहिल्याच दिवशी घरातले दिवे मंद झाले, इतकी वीज मी ओढली. नागसेन घाबरून आईच्या मागं लपला. पण वेलचीचा वास सुटला तसा हळूहळू पुढं आला आणि माझ्या काचेला नाक लावून बसला. तो चेहरा मी दहा वर्षं, दर वाढदिवसाला पाहिला. मग त्याला मिशा फुटल्या, त्याला केकची लाज वाटायला लागली आणि मी माळ्यावर गेलो. माळ्यावर किती वर्षं काढली ते विचारू नका. एकदा माझ्यात उंदरांनी संसार थाटला होता.

मनाली जन्मली तेव्हा मला खाली काढलं. ती नागसेनची थोरली. तोवर नागसेन शाळेत शिक्षक झाला होता, क्रांती या घरात सून म्हणून आली होती आणि गणपती बेकरीतून निवृत्त झाले होते. मनालीचा जन्म सहा डिसेंबरचा. आता तुम्हाला सांगायला हवं, की हे घर बौद्ध. सहा डिसेंबर म्हणजे बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी आमच्या घरात गोडधोड होत नाही, गाणं लागत नाही. सगळे पांढरे कपडे घालून बिंदू चौकात अभिवादनाला जातात आणि गणपती संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाहीत. म्हणून मनाली वर्षाची होण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, "पोरीचा वाढदिवस सातला. सहा तारखेला या घरात चूल पेटंल, पण केक भाजायचा न्हाई." नियम त्यांनी घातला आणि त्यांनीच पाळला. सात तारखेचा केक मात्र असा करायचे, की गल्लीतली पोरं वासावर यायची. पुढं सूरज झाला. त्याचा वाढदिवस अठरा जानेवारीला. म्हणजे थंडी पडली की माझे दिवस आले.

गेल्या हिवाळ्यात या घराच्या पायाला भिंगरी लागली होती. मनाली मुलींच्या फुटबॉल संघात गेली. पहिल्याच आठवड्यात गुडघे फोडून आली आणि ओरडली, "आज्जा, मी गोलकीपर झालो!" आमच्या कोल्हापूरच्या पोरी 'झाले' नाही, 'झालो'च म्हणतात. सूरजला स्केटिंगचं वेड लागलं. तो स्वयंपाकघरातसुद्धा चाकांवर यायचा आणि दोनदा माझ्यावर आदळला. माझ्या पोटाला पडलेला पोचा त्याचाच. शाळेची सहल पन्हाळ्याला, मग नाताळची सुट्टी, मग वाढदिवस, असं सगळं कॅलेंडर क्रांतीनं लाल पेनानं भरून टाकलं होतं. मुलांना मैदानावर सोडायचं, परत आणायचं काम गणपतींकडं. ते सकाळी मफलर गुंडाळून दोघांचे हात धरून निघायचे, तेव्हा त्यांची चाल तिशीतल्या माणसाची वाटायची.

पण मला एक गोष्ट दिसली होती. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी नानकटाई करायला घेतली आणि सूरजला विचारलं, "साखर घातली का रं?" सूरज म्हणाला, "व्हय आज्जा." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. ज्या माणसानं चाळीस वर्षं नुसत्या वासावरून पाव ओळखले, तो त्या दिवशी माझ्या काचेत वाकून बघत राहिला आणि आत काय ठेवलंय ते त्याला आठवेना. त्याच्या डोळ्यांत मला भीती दिसली. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर व्हायचं ते झालं. गणपती मनालीला मैदानावरून घेऊन घरी आले, हातपाय धुतले आणि चहा पीत बसले. सूरज स्केटिंगच्या मैदानाबाहेर दोन तास एकटा उभा होता. शेवटी तिथल्या सरांचा फोन आला. नागसेन त्याला घेऊन आला तो चपलाही न काढता थेट आत आला.

"आबा, पोरगं इसरला तुमी? पोरगं?"

गणपतींनी चहाची कपबशी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मुलांना ने-आण करायला रिक्षा लागली. मग बाजाराची पिशवी त्यांच्या हातातून गेली, मग गॅस पेटवणं गेलं. कुणी वाईट हेतूनं केलं नाही. क्रांती उलट प्रेमानं म्हणायची, "तुम्ही बसा आता. लई केलंसा." ते बसायचे. काम करणाऱ्या माणसाला बसा म्हटलं की तो कसा बसतो, ते मी माळ्यावर अनुभवलेलं आहे.

मनालीचा अकरावा वाढदिवस जवळ आला तसा नागसेन म्हणाला, "यंदा बेकरीतनं मागवू. फुटबॉलच्या आकाराचा मिळतोय." मनालीनं ताट सरकवलं.

"मला आज्जाचाच पायजे. न्हाईतर मी केकच कापत न्हाई."

नागसेननं बापाकडं पाहिलं. गणपती भिंतीला टेकून ताठ बसले होते, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे. "बरं," तो म्हणाला, "करू द्यात आबांना. सातला आपण सगळे घरात असतोय." त्या रात्री गणपतींनी मला स्वतः घासलं. राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. पुसता पुसता पुटपुटत होते, "सातला. सातला." त्यांच्या हातात आता हे एकच काम उरलं होतं आणि ते त्यांना चुकवायचं नव्हतं.

सहा डिसेंबरची सकाळ उजाडली. मनाली दरवर्षी एक चोरटेपणा करायची. वाढदिवस उद्याचा असला, तरी ती पहाटे आज्जाच्या अंथरुणात शिरून हळूच कानात सांगायची. त्या दिवशीही तिनं सांगितलं, "आज्जा, मी अकरा वर्षाची झालो." गणपतींनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग सगळे पांढरे कपडे घालून बिंदू चौकाकडं निघाले. कडाक्याची थंडी आणि गर्दी, म्हणून नागसेन म्हणाला, "आबा, यंदा तुमी घरातच ऱ्हावा." तेही नेमाचं एक काम गेलं.

घर रिकामं झालं. गणपती बराच वेळ खिडकीत उभे राहिले. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे वळले, मला ओट्यावर ठेवलं आणि प्लग लावला. मित्रांनो, मला तारीख कळत नाही. कळली असती, तर मी तापलोच नसतो. मला एवढंच कळलं की त्यांचे हात पूर्वीसारखे चालताहेत. अंडी फेटली, मैदा दोनदा चाळला, वेलची कुटली. कुणाला काही विचारलं नाही, काही विसरले नाहीत. तो केक मी आयुष्यात भाजलेला सगळ्यात सुंदर केक होता. त्यांनी काचेतून आत पाहिलं आणि हसले. मीही खूश होतो. मूर्खासारखा खूश होतो.

दार उघडलं. नागसेन, क्रांती, मुलं आणि त्यांच्याबरोबर विहाराचे सेक्रेटरी बाळासो आणि आणखी सात-आठ माणसं चहाला आली होती. सगळी पांढऱ्या कपड्यांत. बाबासाहेबांच्या फोटोसमोर सकाळी लावलेली मेणबत्ती जळत होती आणि घरभर वेलचीचा, लोण्याचा गोड वास भरला होता. कुणी जयभीमसुद्धा म्हटलं नाही.

"आबा," नागसेन दारातूनच म्हणाला, "हे काय केलासा?"

"केक," गणपती हातातलं ताट पुढं करत म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "मनूचा वाढदिवस न्हवं का आज?"

"आज काय दिवस हाय ते तरी ठावं हाय का? सगळ्या गल्लीला शिकिवलं तुमी, आणि आज तुमच्याच घरात...? लाज वाटाय पायजे!"

त्यानं माझा प्लग उपटला. ताट हिसकावून घेतलं आणि मोरीत पालथं केलं. बाळासो म्हणत होते, "ऱ्हाऊ दे नागसेन, म्हातारं माणूस हाय," पण ते ऐकायला तो भानावर नव्हता. गणपतींनी मेणबत्तीकडं पाहिलं. मग फोटोकडं. मग त्यांना कळलं. ते खाली बसले. फोटोपुढं हात जोडून म्हणाले, "चुकलो." मग मुलाकडं वळून त्याच्यापुढंही हात जोडले. "चुकलो, नागसेन."

मनाली दाराशी उभी राहून रडत होती. "मीच सांगिटलो त्यांला, पप्पा. मीच." तिचं कुणी ऐकलं नाही. सात तारखेला केक झाला नाही. तिनंच नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर गणपती झपाट्यानं मिटत गेले. नाताळच्या सुट्टीत एकदा ते पहाटे मफलर गुंडाळून बेकरीत कामाला निघाले. तेव्हा क्रांतीनं हट्टानं त्यांना मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, बरेच महिने आधी सुरू झालेला आहे. त्या दिवशी नागसेन घरी आला तो थेट स्वयंपाकघरात आला. माझ्यासमोर खाली बसला आणि तोंडात रुमाल कोंबून रडला. मला त्याचा फार राग होता, मित्रांनो. तरी तो पाच वर्षांचा चेहरा मला त्याच्यात दिसला आणि राग टिकला नाही.

अठरा जानेवारीला त्यानं रजा काढली. मला स्वतः घासून ओट्यावर ठेवलं, मैदा, अंडी, वेलची मांडून ठेवली आणि गणपतींना हाताला धरून आणलं.

"आबा, आज सूरजचा वाढदिवस हाय. केक करूया की."

गणपतींनी मला पाहिलं आणि दोन पावलं मागं सरले. "नको, नको. आज नको. आज सहा तारीख हाय."

"न्हाई आबा, आज अठरा हाय. जानेवारी." त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यासमोर धरलं. क्रांतीनं सांगितलं, मनालीनं सांगितलं. सूरजनं तर वाढदिवसाची टोपीसुद्धा डोक्यावर चढवली होती.

गणपती हळूच नागसेनच्या जवळ गेले. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पावणं, तुमास्नी म्हाईत न्हाई. माझा नागसेन लई तत्त्वाचा हाय. मीच शिकिवलंय त्याला. त्यो आला आणि त्यानं बघिटलं तर रागावंल. ह्ये उचलून ठेवा."

"आबा, मीच नागसेन. मी रागावत न्हाई आबा. मी कवाच रागावणार न्हाई."

"उचला, पावणं," ते काकुळतीनं म्हणाले. "त्यो याच्या आत उचला."

नागसेननं मला उचललं. माझं झाकण लावलं आणि मला परत माळ्यावर ठेवून दिलं.

त्यानंतर मला तीन वेळा खाली काढलं. तिन्ही वेळा त्यांच्यासाठी सहा तारीखच निघाली. नातवंडांची नावं गेली, बेकरीचा रस्ता गेला, केक कसा करतात तेही गेलं. एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली आणि ती आम्हीच तिथं ठेवली.

मित्रांनो, मला रोज घासा, माळ्यावर टाकू नका, असं मी सांगणार नाही. माझं काही अडलेलं नाही. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस तेच ते विचारायला लागलं, तर हसू नका आणि ओरडू नका. त्याच्या जवळ जा, त्याच्या डोळ्यांत बघा, आणि मोठ्यांना सांगा. मला सांगता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे. उद्या ते सगळं विसरतील, मित्रांनो, आणि तुम्ही शेवटचं जे बोलला असाल, कदाचित तेवढंच त्यांच्याजवळ उरेल.