टाकीचं झाकण

लातूरहून नांदेडला येईपर्यंत शेषेरावांचा ट्रक नऊ वेळा बंद पडला. दर पंधरा-सोळा किलोमीटरला गाडी दम सोडायची, दोन गचके द्यायची आणि उभी राहायची. अर्धा तास गेला की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू.

"लातुरात दोन मिस्त्र्यांनी हात साफ करून घेतले," शेषेराव मकसूदला म्हणाले. "एकानं डिझेलचा पंप खोलला, दुसऱ्यानं नोझल बदलले. गाडी हाय तशीच. आता तूच बघ."

मकसूद हा नांदेडच्या मोंढ्यामागचा, म्हणजे धान्यबाजारामागचा, डिझेल पंपांचा मिस्त्री. आपल्या हाताचा त्याला गर्व होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही. पण या गाडीपाशी तो जरा बिचकतच गेला, कारण पूर्वी ती मोंढ्यात माल आणायची आणि तिची कहाणी तिथं सगळ्यांना ठाऊक होती.

सात वर्षांपूर्वी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपाच्या पहाटे शेषेरावांची बायको तारामती ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली होती. शेषेरावांच्या धाकट्या भावाने, रामलिंगने, तिला याच ट्रकमध्ये घालून लातूरच्या दवाखान्याची वाट धरली. मागे शेषेराव तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत गाडी दोनदा बंद पडली. रामलिंग रडत रडत डिझेलच्या नळ्या सोडत होता, आत अडकलेली हवा, एअर, काढत होता, पुन्हा सेल मारत होता. दुसऱ्यांदा गाडी चालू झाली तेव्हा तारामती गेलेली होती. "विसर्जनात नाचत बसलास, गाडीकडं बघितलं न्हाईस. तूच मारलंस तिला," असं शेषेराव भर रस्त्यात बोलले, आणि त्यानंतर भावाशी एक शब्द बोलले नाहीत. रामलिंग बायकोला घेऊन भोकरला, सासुरवाडीला निघून गेला.

गाडी सात वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. यंदा शेषेरावांची लेक शिल्पा अकरावीला लातुरात शिकवणीला गेली. तिथं तर गल्लीगल्लीत पोरापोरींच्या खोल्या उठत होत्या. खाटा, कपाटं वाहायला ट्रक कमी पडत होते. काम मिळेल आणि लेकीजवळ राहणंही होईल, म्हणून त्यांनी गाडी बाहेर काढली.

मकसूदने टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्या मध्ये आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी जोडली आणि शेषेरावांना शेजारी बसवून गाडी मुदखेडच्या रस्त्याला घातली. पंधरा किलोमीटर झाले आणि गाडीने मान टाकली. शेषेराव कंटाळून समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले.

मकसूदने नळी पाहिली. कुठून हवा घुसत असती तर आत बुडबुडे दिसले असते. एकही नव्हता. हातपंपाचा दट्ट्या ओढला, तर तो आतल्या आत खेचला जात होता. म्हणजे पंप ओढत होता, पण टाकी सोडत नव्हती. त्याने जुडग्यातल्या किल्लीने कुलूप काढून टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करत हवा आत शिरली. सेल मारला, गाडी एका दमात चालू.

त्याला हसू आलं. डिझेल जाईल तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. कुठल्या शहाण्याने ते बुजवलं हे बघावं, म्हणून त्याने बोटाने झाकणावरचा चिखल खरवडला. खाली पंचाने, खूण ठोकायच्या खिळ्याने, मारलेले तीन ठिपके होते.

ते ठिपके तो स्वतःच्या कामावर मारत असे. उद्या कुणी वाद घातला तर आपलं काम ओळखू यावं म्हणून.

मकसूदने झाकण उलटं केलं. भोकाच्या जागी त्याचंच पितळ होतं. भूकंपाच्या वर्षी डिझेलचोर फार माजले होते. त्याने कुलपाची झाकणं बनवली. भोकातून पावसाचं पाणी जातं म्हणून पितळ ओतून भोकं बुजवली. पक्कं काम, असं वर सांगतही होता. पाच झाकणं दिली. त्यातली चार आठवडाभरातच, गाडी बंद पडते अशी तक्रार घेऊन परत आली, तेव्हा त्याने गुपचूप भोकं पाडून दिली. पाचवं रामलिंगने विसर्जनाआधी चार दिवस गावी नेलं होतं. त्यानंतर भूकंपापर्यंत गाडी गणपतीच्या मांडवातच उभी होती आणि टाकी काठोकाठ भरलेली, त्यामुळे झाकणाचा दोष कळायला वावच नव्हता. ते झाकण परत आलं नाही आणि मकसूदने विचारलंही नाही.

शेषेराव टपरीशी पाठमोरे होते. भोक पाडून 'टाकीत कचरा होता' म्हटलं असतं तर आयुष्यभर कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याची त्याला शरम वाटली. भोकरला एक माणूस सात वर्षं वहिनीचा खुनी म्हणून जगत होता. दोन भाऊ अजून एकत्र येऊ शकत होते.

शेषेराव चहा घेऊन आले. मकसूदने झाकण त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. काहीच वगळलं नाही.

"तुला सात वर्सं ठाऊक व्हतं?"

"न्हाई भाऊ. आत्ता कळलं. मला काय करायचं ते करा, पण आधी रामलिंगभाऊकडं चला. त्यांची कायबी चूक नव्हती."

शेषेरावांनी चहा खाली ठेवला. ते त्या तीन ठिपक्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"रामलिंग होळीच्या आधी गेला," ते म्हणाले. "म्या मातीला, त्याचं शेवटचं तोंड बघायलाबी गेलो न्हाई."

झाकणाकडेच बघत ते पुढे बोलले.

"कस्तुराबाईनं, त्याच्या बायकोनं, निरोप धाडला व्हता. म्हणं, मरताना सांगून गेला, 'दादाला म्हणावं चूक माझीच, एअर नीट निघाली नसंल. माफ कर.' कशाची माफी मागितली रं त्यानं?"

पेटीतलं हातड्रिल काढून मकसूदने पितळ पोखरलं. काम मिनिटभराचं होतं. मग शेषेराव कॅबिनमध्ये चढले आणि म्हणाले, "भोकरला घे. कस्तुराबाईला तुझ्या तोंडानं सांग. मला न्हाई जमायचं."

मुदखेड मागे पडलं. वीस किलोमीटर झाले, मग तीस. शेषेराव काचेवर डोळे लावून बसले होते. "आता पडंल बंद," ते थोड्या थोड्या वेळाने म्हणत. मकसूदला आधी वाटलं, त्यांना भीती वाटते आहे. नंतर त्याला कळलं. गाडी बंद पडली असती तर मकसूद खोटा ठरला असता. रामलिंगचा दोष थोडा तरी शिल्लक राहिला असता आणि मातीला न गेलेल्या भावाला तेवढाच आधार मिळाला असता.

भोकरची पहिली घरं दिसली तरी इंजिन एका सुरात चालू होतं.

"एकदा तरी बंद पड की गं," शेषेराव गाडीला म्हणाले आणि ढसाढसा रडू लागले.

मकसूदने गाडी कस्तुराबाईच्या दारात नेऊन उभी केली. ती त्याला हातानेच बंद करावी लागली.