सहा फुटी टेबलं

आमच्या घराच्या उत्तरेला वारा अडवण्यासाठी लावलेली एल्मच्या झाडांची रांग आहे. तिच्या आडोशाला नऊ वाहनं उभी होती: पीक कापून मळणारे दोन कॉम्बाइन, त्यातल्या एकाला पुढचं कापायचं तोंडच नाही, गवताचे गठ्ठे बांधायचं एक यंत्र, तीन ट्रॅक्टर, धान्य वाहायचे दोन जुने ट्रक, आणि एक छोटी पिवळी पिकअप. आमच्या डाकोटात बंद पडलेली गाडी कोणी विकत नाही. तिला झाडांत नेऊन लावतात आणि पुढे वर्षानुवर्षं तिच्याबद्दल वर्तमानकाळात बोलतात.

आजोबांची चालती गाडी अंगणात होती. चार दारांची काळी पिकअप, तिचं बॉनेट माझ्या खांद्याला लागायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आजोबा तिच्यात बसताना जनावरांच्या चाऱ्याची बादली पालथी घालत, तिच्यावर चढत आणि मग दार धरून स्वतःला आत ओढून घेत. ऑगस्टमध्ये एकदा बादली सरकली. ते पडले नाहीत, पण हे सगळं ग्लेनिस आत्याने पाहिलं.

"बाबा, बादलीवर चढून गाडीत बसायचं वय आहे का हे?"

"वय नाही, म्हणूनच तर बादली लागते."

"हसण्यावारी नेऊ नका. एक तर बुटकी, छोटी गाडी घ्या, नाहीतर गावात फ्लॅटवर राहायला चला. मी चौकशी करून ठेवलीय. इथे एकटे पडलात तर तुम्हाला उचलायला कोण येणार? कोल्हे?"

"छोट्या गाडीत मी मावेन. सामान कुठे मावणार?"

"कसलं सामान? जमीन तुम्ही कधीच खंडाने दिलीत. रिकामा हौदा घेऊन कॉफी प्यायला जाता, आणि गॅलनला तेरा मैल जाळता!"

"टेबलं," आजोबा म्हणाले.

टेबलांपुढे आत्याचंही काही चालेना. ऑक्टोबरमध्ये आमच्या चर्चचं सामुदायिक जेवण अग्निशमन दलाच्या शेडमध्ये होतं. आख्ख्या तालुक्यातून लोक मीटबॉल आणि लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, खायला येतात. चर्चची टेबलं तिथे न्यायचं काम आमच्या हॅलवर्सन घराण्याकडे असतं. आधी पणजोबा नेत, मग आजोबा नेऊ लागले. हे काम सोडून गावातल्या फ्लॅटवर जायचं, म्हणजे आपण आता मोजदादीत नाही हे स्वतःच सांगून टाकण्यासारखं होतं.

मी नुकतीच भौतिकशास्त्र शिकून घरी आले होते आणि मोजता येण्याजोगं काही दिसलं की मला राहवत नसे. खणातून टेप काढली. चर्चमधलं टेबल सहा फूट. काळ्या गाडीचा हौदा साडेपाच फूट.

"तुझी टेप ताणली गेलीय," आजोबा म्हणाले.

"मग टेबलंही तेवढीच आखूड भरली असती, आजोबा. एकाच टेपने मोजलंय."

हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवून, वर दोरी बांधून ते टेबलं नेत, हे मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी त्यातलं एक हायवेवर घसरलं आणि मागून येणाऱ्या आमच्या शेजाऱ्याने, एल्डन क्रोखने, त्याच्यावरून कॉम्बाइन नेला. ते उलट्या बाजूला दुमडलेलं टेबल अजून त्याच्या शेडमध्ये टांगलेलं आहे.

मग मी झाडांत गेले. पिवळ्या गाडीचा हौदा सव्वासात फूट निघाला. पुन्हा मोजला. तेवढाच.

आजोबा कुबडी टेकत मागून आले होते. त्यांनी हौद्याच्या कडेवर हात ठेवला. "तेव्हा माणसाला जागा थोडी आणि मालाला जास्त असायची," ते म्हणाले. "आता उलटं झालंय."

गाडीत पुढे एकच सलग सीट होती. आजी हयात होती आणि मी लहान होते तेव्हा खिडकीपाशी बसायची इंगा आजी, मांडीवर कापडाने झाकलेलं जेवणाचं भांडं; मध्ये मी, गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांमध्ये. कापणीच्या दिवसांत आम्ही शेतावर जेवण घेऊन जायचो. आजोबा क्लच दाबून "दोन" म्हणायचे आणि मी दोन्ही हातांनी दांडा ओढायचे. गव्हाच्या भुशाने तिघांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मग एका वर्षी गव्हाला चांगला भाव आला, सगळ्यांनी मोठ्या गाड्या घेतल्या आणि आजोबांनीही घेतली. आजी पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा म्हणाली, "ऑर्विन, तू तिकडे कुठे गेलास?" दोघांच्या मधोमध तेव्हा कप ठेवायचं भलंमोठं कपाट आलं होतं.

मी दार उघडलं. आजोबा आधी सीटच्या कडेवर टेकले, मग पाय आत घेतले. बादली लागली नाही.

"उंदरांनी घर केलंय," ते आतून म्हणाले. पण उतरले नाहीत.

"चालू करून बघायची का?"

"कॉफीवाल्या टोळक्यापुढे ही घेऊन जाऊ? छोटी गाडी आली की माणूस शेतीतून उठला, असंच समजतात ते."

"आणि फ्लॅटवर गेलात तर काय समजतील?"

संध्याकाळी त्यांनी एल्डनला फोन केला.

एल्डनने जुनं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर धुतला, टायर आणि ब्रेकच्या नळ्या बदलल्या. उंदरांची घरं मी काढली. सप्टेंबरच्या अखेरीस गाडी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि धडधडू लागली.

जेवणाच्या दिवशी आजोबांनी टेबलं हौद्यात लांबीच्या बाजूने रचली आणि फाळका लावला. खट् आवाज झाला. त्यांनी तो पुन्हा उघडला आणि पुन्हा लावला. चर्चपासून शेडपर्यंत गाडी त्यांनीच चालवली. कॉफीच्या दुकानावरून जाताना त्यांनी वेग वाढवला नाही, हे मी पाहिलं.

शेडपाशी सगळी मंडळी आपापल्या उंच गाड्यांना टेकून उभी होती.

"ऑर्विन, तुझी गाडी धुतल्यावर आटली की काय रे?" एल्डन ओरडला. ती त्यानेच दुरुस्त केली होती, पण चारचौघांत त्याला गप्प राहवेना.

"माझा फाळका बंद आहे, एल्डन. तुझ्या शेडमधल्या टेबलाला जाऊन सांग."

सगळ्यात मोठ्याने एल्डनच हसला. स्वयंपाक सांभाळणारी व्हर्ना हात पुसत बाहेर आली, तिने टेबलं मोजली आणि म्हणाली, "सगळी आली? आज पृथ्वी उलटी फिरतेय वाटतं."

आत्या मीटबॉलची कढई घेऊन दारात उभी होती. आजोबा गाडीतून उतरताना तिने पाहिलं: दोन्ही पाय जमिनीवर, मग माणूस उभा.

"ब्रेक आहेत ना हिला?" तिने मला विचारलं.

"नवे आहेत."

"सोमवारी फ्लॅटवाल्यांना फोन करून नको म्हणून सांगते." ती आत गेली, लगेच परत आली. "आणि त्या बादलीत काहीतरी पेरून टाक."

पुढचे तीन आठवडे आजोबा गुडघ्याच्या व्यायामाला, चर्चला आणि कॉफीला एकटेच गेले. शेवटी मी टाकी पुन्हा काठोकाठ भरली. मैल झाले होते दोनशे तेरा. पेट्रोल लागलं सात पूर्णांक एक गॅलन. गॅलनला तीस मैल.