दहाच्या आत

माझ्या चिमणीच्या लिव्हरमध्ये सोनोग्राफीत गाठ दिसली तेव्हा ती दीड महिन्यांची होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाबरू नका, या वयात अशा गाठी बऱ्याचदा साध्या असतात. रक्त आणि स्कॅन बघू." घाबरू नका म्हणे! सांगायला काय जातंय?

मी अकरा वर्षं रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. बाळंतपणाची रजा असूनही गेले आणि तिचा नमुना मशीनवर स्वतःच लावला. नसता आगाऊपणा! कॅन्सरच्या तपासणीचा आकडा आला सहाशे चाळीस. शेजारी छापलेलं होतं, दहाच्या आत. लिव्हरमध्ये गाठ आणि वर एवढा आकडा, अशी माणसं मी पाहिली आहेत. ती पुढे फार दिवस नमुने द्यायला येत नाहीत.

आकड्याचं घरी कुणाला सांगितलं नाही. नवरा तिच्याशी बोबडं बोलत बसायचा, ते ऐकवेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कधीची रडतेय, घे की तिला."

"तुम्हीच घ्या ना!" मी वस्सकन ओरडले. त्या बिचाऱ्यांनी तिला उचलून घेतलं.

चार दिवसांनी स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी माझा कागद उचलला. "ही दहाची मर्यादा मोठ्या माणसांची आहे हो! जन्मतः हा आकडा हजारांत असतो, मग हळूहळू उतरतो. हिच्या वयाला सहाशे चालतात." मग स्क्रीनकडे बोट केलं. "शिरेतून दिलेल्या औषधाचा रंग बघा, गाठीत कडेकडून आत भरत चाललाय. रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. महिन्याने आकडा उतरलाय ना, ते बघू."

अकरा वर्षं मी तो आकडा छापतेय! आमच्याकडे येतात सगळी मोठी माणसं, त्यामुळे ही मर्यादा कुणाची, हे डोक्यातच आलं नाही.

बाहेर नवरा चिमणीला घेऊन बसला होता. सगळं ऐकून हसला. "सुटलो की! आता कशाला रडतेस, वेडे?"

काय सांगू त्याला? चार दिवस मी तिला पाजताना भिंतीकडे बघत होते. जाणारच आहे, तर आणखी लळा नको, असं वाटायचं. आईच ना मी?

"दे तिला," मी म्हणाले.

त्याने दिली. मी तिच्या डोळ्यांत बघायला वाकले. तिने मान वळवली आणि त्यालाच शोधू लागली.