पेटीला झालेली बाधा

कागद गिरणीच्या वीजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार, त्यांच्या बायका, मोहाडीच्या बाजारातून परस्पर आलेली माणसं, सगळी एका लोखंडी पेटीकडे टक लावून उभी होती. वाफेचं चक्र नुसतंच घरघरत होतं आणि पेटीवरचा काटा शून्यावर निपचित पडला होता. काटा पडला की गिरणी बंद, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

बाधा उतरवायला आलेल्या भैयाजी महाराजांनी पेटीच्या जाळीतून अंगारा फुंकला. "निंघ! कोनाच्या सांगन्यावरून बसली पेटीत? निंघ म्हनतो ना!" असं ओरडत त्यांनी कडुलिंबाच्या जाड फांदीनं पेटीच्या पाठीत रपारप फटके हाणले. काटा थरथरला आणि चढू लागला. जयजयकारानं छपराचे पत्रे हलले.

गिरणीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुलोचनाबाई दाराशी उभ्या होत्या. जयजयकाराचं त्यांना काही वाटलं नाही. महाराज पुढे जे बोलले त्यानं मात्र अंगावर काटा आला.

"बाधा बाहेरची नाही. रोज झाडू घेऊन इथंच फिरते थे रंभा! उद्या अवसेले तिचे समोरचे दात पाडा, म्हंजे मंतर फुटनार नाही तोंडातून. अन् तिची झोपडी आमाले द्या. मठ बांधू, जागा शुद्ध होईल."

नेमकी फाटकासमोरची, रस्त्याला लागून असलेली जागाच देवाला अशुद्ध दिसावी, हेही नवलच! पण हसलं कोणी नाही. झाडूवाली रंभाबाई भिंतीला टेकली होती. तिच्याभोवतीची माणसं हळूहळू बाजूला सरकली. रोज तिच्या हातचा चहा पिणाऱ्या वीजघरातल्या टिकारामनंही नजर चोरली.

संध्याकाळी रंभाबाईच्या ओट्यावर कोणीतरी एक सांडशी ठेवून गेलं. सुलोचनाबाईंनी ती पाहिली आणि त्या तशाच घरी गेल्या. बातम्या लावल्या तर रेडिओ मुका. सवयीनं त्यांनी त्याला थापड मारली आणि तो बोलायला लागला. बाईंचा हात तसाच रेडिओवर राहिला. चप्पल घालून त्या थेट गिरणीच्या इंजिनियरकडे, घनश्यामकडे गेल्या.

"घनश्यामभाऊ, थे पेटी करते तरी काय?"

"जनरेटरच्या पोटात चुंबक जागं ठेवते, बाई. आत सर्किटची कार्डं हायेत, खाचेत दात रोवून बसलेली. एक कार्ड विजेचा दाब मोजून आत खबर देते, दुसरं बाहेर हुकूम सोडते. खबर नाही पोचली, का चुंबक झोपलं."

"उघडून काहून नाही पाहिली?"

"महाराजानं लाल धागा बांधला. मॅनेजर म्हनतात, अवसेपर्यंत हात नोको लावू."

"बिघाड कधीपासून?"

"दसऱ्यापासून." घनश्याम बोलता बोलता थांबला. "खंडेनवमीले पेटी उघडून पूजा केली होती आमी. कार्डाकार्डाले हळदकुंकू लावलं, नारळाचं पानी शिंपडलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी काटा पुन्हा पडला. रंभाबाईला दंडाला धरून आणलं. ती रडतही नव्हती. तोंडावर पदर घट्ट दाबून उभी होती. ती सांडशी आज गर्दीत कोणाच्या तरी हातात होती.

सुलोचनाबाई पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आज मंतर मी म्हनते," असं म्हणून त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बे एके बे, बे दुणे चार!" आणि पेटीच्या पाठीत थापडा हाणल्या.

काटा चढला.

गर्दी पुढे सरकली. बाई म्हणाल्या, "पाढ्यानं भूत पळते काय? अरे, सैल पडलेलं कार्ड धक्क्यानं जागेवर बसते. माझा रेडिओ असाच बोलतो."

घनश्यामनं चक्र थांबवलं, धागा तोडला आणि कार्ड ओढून काढलं. त्याच्या कडेच्या सोनेरी दातांवर कुंकवाचा चिकटा होता आणि वर अंगाऱ्याचा थर.

"पूजेनं दात माखले," तो म्हणाला, "अन् महाराज रोज वरून राख फुंकून राहिले. फटक्यानं काटा चढे, राखेनं पुन्हा पडे."

त्यानं दात स्पिरिटनं पुसले, कार्ड बसवलं, चक्र फिरवलं. काटा आपोआप चढला आणि तिथंच राहिला. महाराजांचा हात पुन्हा अंगाऱ्याच्या झोळीत गेला, तसं टिकारामनं त्यांचं मनगट धरलं.

"बस झालं महाराज. आता नोको फुंकू."

सांडशी जमिनीवर पडली होती. ज्याच्या हातात ती होती, तो गर्दीत मागे सरकला. बाई संतापून गर्दीकडे वळल्या. "यंत्र बिघडलं तर उघडून पाहा. जो उघडून पाहू देत नाही, त्याच्यावर पहिले संशय घ्या. गरीब बाईच्या दातांत कोनाचं भूत नसते रे!"

सांडशी रंभाबाईनं उचलून घरी नेली. दुसऱ्या सकाळी टिकाराम खाली मान घालून चहाला आला. चुलीवरचा उकळत्या चहाचा गंज तिनं त्याच सांडशीनं उतरवला आणि कप त्याच्यापुढे ठेवला. टिकारामला तो चहा प्यायला फार वेळ लागला.